सुगंधाबाईचा डावा पाय

सुगंधाबाईच्या डाव्या पायाबद्दल त्या आठवड्यात बिडकीनपासून चिकलठाण्यापर्यंत ज्याला त्याला मत होतं. पाय तिचा, मतं दुसऱ्यांची. धाकटा दीर बन्सी म्हणे, तो पाय क्लचवर नीट पडत नाही. बन्सीचे पारावरचे दोस्त म्हणत, बाईमाणसाचा पाय क्लचसाठी नसतोच. आणि चिकलठाण्याचा त्रिंबक मिस्त्री म्हणाला, की पिकअप वळताना मागून थरथरतो तो दोष मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचा नाही, चालवणाऱ्याच्या पायाचा आहे. हे शेवटचं मत सगळ्यांत वाईट. कारण त्रिंबक मिस्त्री तीस वर्षं गाड्या खोलत होता आणि त्याच्या तोंडून निघालेलं कुणी पुन्हा तपासायला जात नसे.

त्या मताच्या जोरावर शुक्रवारी सकाळी बन्सीनं खुंटीवरची चावी काढली आणि आपल्या खिशात टाकली.

"बिऱ्हाड मंगळवारी निघतंय, वैनी. औंदा गाडी मी नेतो. तुमी मेंढरांमागं चाला," तो म्हणाला. जणू काही तिच्यावर उपकारच करत होता.

सुगंधाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मुंजाबा अंगणात बसून काठीच्या टोकाला लोखंडी कडं ठोकत होता. तो ठोकतच राहिला. माणूस वाईट नव्हता, पण बोलायची वेळ आली की त्याला नेमकं हातातलं काम दिसायचं. बायकोचा राग त्याच्या या सवयीवर वीस वर्षं जमा होत आला होता.

गाडी म्हणजे काय होतं तिला, हे त्या दोघांना सांगूनही कळलं नसतं. दिवाळी झाली की त्यांची मेंढरं गोदाकाठाला निघत. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेत, खत होई, आणि बिऱ्हाड पैठणच्या पुढं कुठं कुठं फिरत राही. पूर्वी संसार घोड्यांवर असायचा. भांडी, राहायची पालं, कोंबड्या, त्याच दिवशी जन्मलेली कोकरं, सगळं घोड्यावर, आणि बायका घोड्याच्या पुढं दोर धरून पायी. सुगंधाबाई लग्न झाल्यापासून सोळा वर्षं तशी चालली. मग घोडी विकून पिकअप आला, आणि बन्सी लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाला तेव्हा तिनं ते पहिल्या फटक्यात काढलं. बन्सीला ते तिसऱ्या वेळी मिळालं. चार वर्षं ती गाडी चालवत होती. अंगावर ओल्या पालाचं ओझं नाही, खांद्यावर कोकरू नाही. काळ्या रानात बाकीचे टेम्पो चिखलात रुतून बसत तेव्हा तिचा पिकअप दोन्ही मागची चाकं लावून बाहेर येई. त्या स्टिअरिंगवरून उतरून पुन्हा घोड्याच्या जागी चालायचं? ते सुद्धा तिच्या पायाला नावं ठेवून?

"येत्या रविवारी मी त्या मिस्त्रीकडं जाणार हाय," ती म्हणाली. "तुमी दोघं बी चला. जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोलू द्या त्याला."

रविवारी बन्सीनं गाडी चालवली. ती मधे बसली, पलीकडं मुंजाबा. सरळ रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली. पण गॅरेजच्या गल्लीत हळू वळताना मागून धडधड सुरू झाली. मागचा हौदा थरथरला, पायाखालचा पत्रा वाजायला लागला, आणि वळण संपलं तसं सगळं गप्प झालं. सुगंधाबाईनं दिराकडं नुसतं पाहिलं.

"बिघडवून ठिवल्यावर कुणाच्या बी पायाखाली थरथरंल," बन्सी म्हणाला.

त्रिंबक मिस्त्रीच्या गॅरेजची एक रीत होती. गाडी आत आली की तो पांढऱ्या खडूनं पुढच्या काचेवर नाव लिहायचा. मालकाचं नव्हे, गाडी घेऊन जाईल त्या ड्रायव्हरचं. ज्याचं नाव काचेवर त्याच्याच हाती चावी, मग मालक स्वतः येऊन उभा राहिला तरी नाही. मागच्या दोन्ही वेळेला त्या काचेवर 'सुगंधाबाई' लिहिलेलं होतं. आज मिस्त्री उठला, गाडीकडं पाहिलं, ड्रायव्हरच्या जागेवरून उतरणाऱ्या बन्सीकडं पाहिलं, आणि न विचारता काचेवर लिहिलं, 'बन्सी'.

तिथंच तिचं डोकं फिरलं.

"मिस्त्री, गाडी दोनदा तुमाला दिली. पयल्यांदा आठ दिवस टिकली, दुसऱ्यांदा पंधरा. कंपनीच्या प्लेटा काढून डुप्लिकेट बसवल्या काय तुमी? आन् वरून माझ्या पायाचं नाव घेऊ राहिले?"

गल्लीतल्या चार दुकानांतली माणसं बाहेर आली. त्रिंबक मिस्त्री साठीचा, अंगानं काटक, रागाला अतिशय जवळचा माणूस. गॅरेजच्या दारात उभं राहून त्याला आजवर कुणी चोर म्हटलं नव्हतं. तो आत गेला, फळीवरून जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं काही घेऊन आला आणि तिच्यासमोर बोनेटवर ठेवलं.

"ह्या तुमच्या गाडीच्या जुन्या प्लेटा. मी कुणाची वस्तू टाकत नाही आन् ठेवून बी घेत नाही. बघा. निळ्या पडल्या. जळून निळ्या."

प्लेटा खरंच निळ्या-काळ्या पडल्या होत्या. त्यांना करपलेल्या तेलाचा वास येत होता.

"साधा डिफरन्शियल असता तं हे झालंच नसतं," मिस्त्री पुढं बोलला, आवाज चढलेलाच. "ह्यो येगळा हाय. एक चाक चिखलात नुसतं फिरायला लागलं तं ह्यो दुसऱ्याला सोडत नाही, दोघांला धरून ठिवतो. धरतात त्या ह्या प्लेटा. आता वळताना काय व्हतं? भायेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. तेवढ्यापुरत्या प्लेटा घसरायला पाहिजेत. निवांत घसरल्या तं आवाज नाही. जळक्या असल्या की अडकत अडकत घसरतात, तीच तुमची थरथर. पयल्यांदा मी तेल बदललं, ह्याचं जे खास तेल असतं तेच घातलं. दुसऱ्यांदा प्लेटा नव्या टाकल्या. पंधरा दिवसांत पुन्हा जळल्या म्हणजे त्या कुणीतरी जाळल्या, क्लच झटक्यानं सोडून सोडून. गाडी मी नाही चालवत, बाई. तुमी चालवता."

उत्तर चोख होतं. म्हणूनच तिला जास्त राग आला. बन्सी आजूबाजूच्या लोकांकडं पाहून मान हलवत होता. मुंजाबा प्लेटा उलट्यासुलट्या करून बघत होता, जणू त्याला त्यातलं काही कळणार होतं.

सुगंधाबाईला डिफरन्शियल कळत नव्हता. पण लंगडं जनावर कळत होतं. लहानपणापासून ती एकच काम करत आली होती, हजार पायांतून दुखरा पाय शोधायचं. लंगडं जनावर सरळ चालवलं तर दुखणं लपवतं. कळपामागं पडायची लाज त्याला माणसापेक्षा जास्त असते. त्याला लहान गोलात फिरवायचं, आधी एका अंगाला, मग दुसऱ्या. कुठल्या अंगाला वळताना जास्त त्रासतं ते बघायचं. दुखरा पाय आपोआप बोलतो.

"मागच्या मैदानात चला," ती म्हणाली. "भावजी, तुमी चालवा. माझा पाय गाडीत नगोच. मिस्त्री, तुमी हौद्यात बसा. मी मधी उभी राहते."

"कामून?" मिस्त्रीनं विचारलं.

"मी सांगते म्हणून."

गॅरेजमागं एका बंद पडलेल्या कारखान्याची मोकळी जागा होती, धुळीची, सपाट. सुगंधाबाई मधोमध नवऱ्याची काठी टेकून उभी राहिली. बन्सीनं कपाळाला आठ्या घालत गाडी तिच्याभोवती उजवीकडं फिरवली. मागून धडधडाट सुरू झाला. हौद्यात बसलेल्या मिस्त्रीचे दात वाजले असावेत. तिनं तीन फेरे मारायला लावले. मग काठी उलटी फिरवली, आता डावीकडं.

डावीकडं थरथर होती, पण निम्मी. कान देऊन ऐकावं तेव्हा कळेल एवढी.

"पुन्हा उजवीकडं," ती ओरडली. धडधडाट. "पुन्हा डावीकडं." गाडी जवळजवळ गप्प.

तिनं काठी जमिनीवर आपटली. गाडी थांबली आणि मिस्त्री हौद्यातून खाली उतरला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग जागेवर होता, पण त्यात काहीतरी शिरलं होतं.

"सांगा आता," ती म्हणाली. "माझा पाय डावीकडं वळताना चांगला आन् उजवीकडं वळताना वाईट असतो व्हय? पायानं जळलं असतं तं दोन्हीकडं सारखं वाजलं असतं. तीस वर्षं गाड्या खोलता म्हणता. एकदा तरी हिला दोन्ही अंगांनी फिरवून पाहिली का? का बाई चालवते म्हणल्यावर शोधायचं कामच संपलं?"

पाहणाऱ्यांतला एकजण हसला तसा मिस्त्री त्याच्यावरच खेकसला. मग खिशातून खडू काढला आणि स्वतःशी म्हणावं तसा म्हणाला, "चाकं सारखी फिरू नाही राहिली."

त्यानं मागच्या दोन्ही चाकांवर, टायरच्या बाजूला, खडूची एकेक उभी रेघ मारली, दोन्ही रेघा बरोबर जमिनीकडं. गाडी न्यूट्रलला टाकली. मुंजाबा, बन्सी आणि गल्लीतले दोघं मिळून गाडी सरळ रेषेत ढकलत नेऊ लागले. मिस्त्री एका चाकाबरोबर चालत होता, सुगंधाबाई दुसऱ्याबरोबर. ती उजवीकडं होती. गाडी जड जात होती, ढकलणारे घामाघूम झाले.

"एक," मिस्त्री तिकडून म्हणाला. "दोन."

तिची रेघ मागं पडत होती. पहिल्या फेऱ्यात चार बोटं, तिसऱ्यात वीतभर, पाचव्यात दीड वीत. डावं चाक लवकर लवकर पावलं टाकत होतं, उजवं लांब लांब. एकाच जनावराचे दोन पाय, आणि एक लांब.

आणि दहावा फेरा मोजला जाण्याआधीच सुगंधाबाईला सगळं आठवलं.

पोळ्याच्या सुमाराला गाडी उजवीकडं कलून बसायला लागली होती. पाण्याचा ड्रम कायम त्या बाजूला असायचा, त्यानं तिकडचा स्प्रिंगचा पाटा बसला होता. वाकडी उभी राहिलेली गाडी तिच्या डोळ्यांना रोज खुपायची. तिच्या कळपात पूर्वी एक शेळी होती, मागचा एक पाय आखूड. सुगंधाबाईनं त्या खुराखाली कातड्याची जाड गादी बांधली होती, आणि शेळी सरळ चालायला लागली तेव्हा वस्तीवरची माणसं बघायला आली होती. मग पैठण रोडला टायर फुटला तेव्हा तिनं पंक्चरवाल्याला सांगितलं, उजवीकडं जरा उंच टायर टाक, थोडी चढू दे तिकडून. तो म्हणाला, चालतंय. गाडी सरळ उभी राहिली. मुंजाबा सुद्धा म्हणाला होता, ब्येस झालं, आता कशी दिसती. तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं!

तिनं कमरेची सुताची दोरी सोडली. डाव्या टायरला घेर घालून टोक भेटलं तिथं दोरीवर खुणेची गाठ मारली. तीच दोरी उजव्या टायरला गुंडाळली. या वेळी टोक गाठीला भेटलं नाही. मधे चांगलं चार बोटांचं अंतर राहिलं.

मिस्त्री खाली बसला आणि टायरवरचा आकडा वाचला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तो आकडा वाचला. आणि त्याचा स्फोट झाला.

"कोण रे ह्यो शहाणा? येगळ्या नंबरचा टायर! सरळ रस्त्यानं सुद्धा ह्या प्लेटा घसरू राहिल्या, पैठणपर्यंत आन् पैठणवरून, दिवसभर! जळणार नाहीत तं काय व्हईल? मी नव्या टाकीन, ह्यो टायर पुन्हा जाळंल! साध्या डिफरन्शियलला ह्ये खपलं असतं, ह्याला नाही खपत. आन् मी," त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला, "मी दोनदा चाकं काढली. दोनदा माझ्या हातानं बसवली. टायरकडं नजर नाही गेली माझी! तीस वर्षं, म्हणे!"

"पंक्चरवाल्यानं फसवलं आपल्याला," मुंजाबा म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

"व्हय, त्यालाच धरायला पाहिजे," बन्सीनं लगेच री ओढली. "मी म्हणलोच व्हतो, त्यो माणूस बेरकी हाय."

सुगंधाबाई दोरी हातात धरून उभी होती. वाट उघडी होती. पंक्चरवाला पैठण रोडला, इथून लांब, तोंडावर येऊन बोलायला नव्हता. मिस्त्री स्वतःला दोष देत होता. नवरा तिच्या बाजूनं बोलला होता, चुकून का होईना. गप्प राहिलं की चावी परत आली असती आणि पाय निर्दोष ठरला असता.

तिला भयंकर राग आला, पण आता तो कुणावर काढावा ते कळेना. सकाळपासून जेवढ्या शिव्या मनात जमवल्या होत्या त्या सगळ्या परत तिच्याच अंगावर आल्या. दोनदा प्लेटा जळल्या त्या तिनं जाळल्या. पायानं नाही, हुशारीनं. आणि त्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं तिला, त्याचा सगळ्यांत जास्त राग आला.

"पंक्चरवाल्याला कुणी काही म्हणायचं नाही," ती म्हणाली. "टायर म्या सांगितला. उंच टाक म्हणून म्याच सांगितला. गाडी कलू राहिली व्हती, पाटा बदलायचं सोडून म्या गाडीला उंच खूर बांधला. त्याला इचारलं नाही, कुणाला इचारलं नाही. आन् मिस्त्री, तुमाला म्या डुप्लिकेटवाला म्हणलं, गल्लीसमोर. ते बी चुकलं."

मग बन्सी हसायला लागला. आधी हळू, मग मोकळा.

"घ्या! म्हणजे फिरून फिरून वैनीच! मी काय म्हणत व्हतो?"

"तू पाय म्हणत व्हता," मिस्त्री त्याच्यावर ओरडला. "मी बी पायच म्हणलो. पायाचं खोटं निघालं. माझा शब्द मी परत घेतो, तू तुझा घे." मग तो सुगंधाबाईकडं वळला. आवाज खाली आला नव्हता, पण चावायचा थांबला होता. "दोन टायर एका नंबरचे लागतील, पाटा लागंल, प्लेटा पुन्हा लागतील. उद्या सांजंपर्यंत करून देतो. मंगळवारी निघा. चावी ठेवा इथं."

बन्सीनं खिशातून चावी काढली. दुसऱ्या कुणाला दिली नसती, पण मिस्त्रीला द्यावीच लागली. मिस्त्रीनं ती आपल्या बनियनच्या खिशात टाकली.

"मी येतो उद्या न्यायला," बन्सी म्हणाला. "काचेवर नाव हायच."

सुगंधाबाई गाडीच्या पुढं गेली. काचेवरचं नाव तिनं पदराच्या टोकानं पुसलं, घासून घासून पुसलं, पांढरा डाग सुद्धा ठेवला नाही. मग मिस्त्रीपुढं हात केला. त्यानं क्षणभर पाहिलं आणि हातातला खडू तिच्या तळव्यावर ठेवला. टायरवर रेघा मारलेला तोच तुकडा. तिचं अक्षर मोठं होतं आणि सरळ नव्हतं. काच तिरकी असल्यानं शेवटचं अक्षर खाली घसरलं. पण नाव वाचता येत होतं. रस्त्यापलीकडून सुद्धा.

"वैनी," बन्सीचा आवाज चढला, "चूक तं तुमचीच निघाली ना? मंग कोणत्या तोंडानं चावी मागता?"

सुगंधाबाईनं खडू मिस्त्रीला परत दिला. हात पदराला पुसले.

"व्हय, माझी निघाली," ती म्हणाली. "म्हणून तं मी निस्तरून नेणार हाय. तुमची निघाली असती, भावजी, तं ती बी तुमी माझ्या पायावरच ढकलली असती."